आई म्हणते हळद, नवरा म्हणतो स्पिरिट

पत्राचा सारांश: पत्रलेखिकेचं वय 26. पहिलंच बाळंतपण, सिझेरियन झालेलं, सध्या सांगली जिल्ह्यातल्या माहेरी आहे. पत्र लिहिलं तेव्हा मुलगी नऊ दिवसांची होती आणि नाळ पडलेली नव्हती. रुग्णालयातून घरी सोडताना ‘नाळेला काहीही लावू नका’ असं सांगितलं होतं. घरी आल्यावर आईने खोबरेल तेलात हळद कालवून ती कापसाने बेंबीला लावायला सुरुवात केली. न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी अंघोळीनंतर बेंबीभोवती वेखंडाची पूड भुरभुरतात. नवरा पुण्यात नोकरीला; तो रोज रात्री व्हिडिओ कॉलवर स्पिरिटने पुसायला सांगतो. जाऊबाईंनी त्यांच्या मुलाच्या वेळची अँटिबायोटिक पावडर पाठवून दिली आहे. नाळेच्या बुडाशी पिवळसर, चिकट काहीतरी दिसतं, जवळ गेलं की थोडा वास येतो, आणि एकदा लंगोटाला रक्ताचा ठिपका लागला होता. बाराव्या दिवशी बारसं ठरलंय. तोवर नाळ पडायला हवी, असं सासूबाईंचं म्हणणं. पडली की ती त्यांना जपून ठेवायला हवी आहे. पत्रलेखिका लिहिते, ‘आईचं ऐकू की डॉक्टरांचं? तिला नको म्हटलं की ती म्हणते, तुम्हा तिघांना मी अशीच वाढवलं, एकाला तरी काही झालं का? मी काही लावलं नाही आणि काही झालं, तर मला कोण माफ करेल? आणि ताई, मला अहो-जाहो करू नका, मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे.’

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी, कोणत्या खुणा दिसल्या तर माझ्या उत्तराची वाट न बघता दवाखाना गाठायचा, ते तुला कळवलं होतं. तसं काही नाही, असा तुझा निरोप आला, म्हणून आता सवडीने लिहिते. थोडं तुझ्यासाठी, थोडं त्या सगळ्यांसाठी ज्यांच्या घरात या घडीला एका बोटभर नाळेवरून वाद पेटलेत.

आईचं ऐकू की डॉक्टरांचं, असं तू विचारतेस. पण तुझ्या घरात मतं दोन नाहीत, पाच आहेत. आणि गंमत अशी की डॉक्टर वगळले तर उरलेल्या चौघांचं एका गोष्टीवर पूर्ण एकमत आहे: बेंबीला काहीतरी लावलंच पाहिजे. आई हळद, मावशी वेखंड, नवरा स्पिरिट, जाऊबाई पावडर. आईचं म्हणणं जुनं आणि नवऱ्याचं शास्त्रशुद्ध, असं तू पत्रात जवळजवळ गृहीतच धरलं आहेस. मला ते पटत नाही. दोघं एकाच ठिकाणाहून निघालेत, फक्त बाटली वेगळी. आणि खरं सांगू, तूही तिथूनच निघाली आहेस. ‘मी काही लावलं नाही आणि काही झालं तर?’ असं तू लिहितेस. लावलं आणि त्यानेच काही झालं तर, हा प्रश्न तुला पडलेला नाही.

म्हणून आधी नाळ पडते कशी ते बघू. पोटात असताना या नाळेतून तीन रक्तवाहिन्या जात होत्या, दोन धमन्या आणि एक शिरा, आणि त्यांच्याभोवती जेलीसारखा मऊ गर. जन्मल्यावर चिमटा लावून नाळ कापली की रक्त थांबतं. उरलेल्या तुकड्यात जीव राहत नाही. तो हवेने सुकतो. आधी पांढरट-निळसर असतो, मग पिवळट-तपकिरी होतो, शेवटी काळा आणि कडक. जिवंत कातडी आणि हा मेलेला तुकडा जिथे भेटतात, त्या रेषेवर शरीर पांढऱ्या पेशी पाठवतं. त्या पेशी तो जोड हळूहळू विरघळवतात आणि एक दिवस नाळ गळून पडते. गुडघ्यावरची खपली पडते तशीच ही गोष्ट. तुला बुडाशी दिसणारं पिवळसर चिकट द्रव्य बहुतेक वेळा याच कामाचं असतं. थोडा वासही येतो, कारण तिथला मेलेला भाग विरघळतो आहे. पडायच्या सुमारास लंगोटाला रक्ताचा एखादा ठिपका लागतो, तोही चालतो. यातल्या कशालाही ‘पू झाला’ म्हणून घाबरायचं कारण नाही. पू कसा ओळखायचा ते पुढे सांगते.

या सगळ्यात बाहेरून करण्यासारखं काम एकच आहे: जागा स्वच्छ ठेवायची आणि तिला सुकू द्यायचं. तेल नेमकं उलटं करतं. ते नाळ ओलसर ठेवतं आणि वर धूळ, पूड, कापसाचे तंतू धरून ठेवतं. हळदीबद्दल मला जास्त लिहायला हवं, कारण हळदीवर बोललेलं आपल्याकडे कुणाला खपत नाही. हळद औषधी आहे की नाही, या वादात मी शिरतच नाही. स्वयंपाकघरातल्या डब्यातली हळद निर्जंतुक नसते, एवढं पुरे आहे. तिच्यात रोज ओला-सुका चमचा जातो. पण यापेक्षाही मला तिचा रंग नडतो. बेंबीभोवतीची कातडी पिवळीधमक करून ठेवली की खालची लाली दिसत नाही. पू आला तरी तो हळदीतला की बेंबीतला, कळत नाही. नवजात बाळाची कावीळ पोटापर्यंत उतरली का, हे ज्या कातडीवर बघायचं तीच रंगवलेली. आशाताई किंवा डॉक्टर आले की निम्मा वेळ पुसण्यात जातो.

स्पिरिटचं तुझ्या नवऱ्याला वाटतं तसं नाही. काही वर्षांपूर्वीपर्यंत दवाखान्यांतही ते सर्रास वापरलं जायचं, त्यामुळे त्याने कुठेतरी वाचलं असेल तर नवल नाही. पण स्पिरिट लावलेली नाळ काही न लावलेल्या नाळेपेक्षा उशिरा पडते, असं अभ्यासांत दिसून आलं आहे. स्वच्छ परिस्थितीत जन्मलेल्या बाळाला त्याचा वेगळा फायदा होत नाही. वर ते बाळाच्या नाजूक कातडीला झोंबतं आणि गार लागतं. नाळेत स्वतःला संवेदना नसते. बाळ रडतं ते बुडाच्या कातडीमुळे. जाऊबाईंच्या पावडरबद्दल तर एकाच ओळीत: दुसऱ्या बाळासाठी दिलेलं, फोडून ठेवलेलं जुनं अँटिबायोटिक तुझ्या बाळाला लावायचं नाही. त्यांना ‘मिळाली’ म्हणून कळव आणि डबी कपाटात राहू दे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या शिफारशींतही हेच आहे. नाळ स्वच्छ आणि कोरडी ठेवायची. क्लोरहेक्सिडिन नावाचं जंतुनाशक पहिल्या आठवड्यात रोज लावायचं ते फक्त अशा भागांत, जिथे नाळेला शेण वगैरे घातक गोष्टी लावायची चाल अजून सर्रास आहे. असं जेल किंवा द्रावण कुणाला आरोग्य केंद्रातून मिळालं असेल, तर ते सांगितल्याप्रमाणे नाळेलाच लावा आणि डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीशेजारी ठेवू नका. आफ्रिकेतल्या काही देशांत ही बाटली डोळ्याचं औषध समजून वापरली गेली आणि बाळांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. तुला या औषधाची गरज नाही. तुझं बाळंतपण रुग्णालयात झालंय.

आता आईकडे वळू. तिचा राग तुझ्यावर नाही, आणि ती अडाणीपणाने करते आहे असंही मला वाटत नाही. ती आणि तिची आई ज्या काळात बाळंत झाल्या, त्या काळात बेंबी ही खरोखर भीतीची जागा होती. घरी बाळंतपण व्हायचं, सुईण हाताशी असेल त्या विळ्याने किंवा जुन्या पात्याने नाळ कापायची. दोन-तीन दिवस चांगलं दूध ओढणारं बाळ अचानक ओढेनासं व्हायचं, जबडा घट्ट मिटायचा, अंग ताठ व्हायचं. तो धनुर्वात. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात, आणि नाळेच्या ताज्या जखमेतून ते सहज आत शिरतात. गरोदरपणात तुला जी धनुर्वाताची लस दिली, ती यासाठीच. तिचं संरक्षण तुझ्या रक्तातून बाळाला आधीच मिळालेलं आहे. आई आणि नवजात बाळांचा धनुर्वात भारतातून सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपल्याचं 2015 मध्ये जाहीर झालं. म्हणजे तुझ्या आईने तुम्हाला वाढवलं तेव्हा ती भीती घराघरांत जिवंत होती. शिवाय त्या वेळच्या दवाखान्यांनीही बेंबीला जांभळं औषध फासलं, पावडरी दिल्या, स्पिरिट दिलं. ‘काहीतरी लावायचं असतं’ हे आईने फक्त आजीकडून घेतलेलं नाही, नर्सबाईंकडूनही घेतलंय. मी स्वतः प्रसूतिकक्षात नोकरी केली आहे. सल्ला बदलला की तो का बदलला, हे आजीला समजावून सांगायला आमच्याकडे फार कमी जण थांबतात. डिस्चार्ज कार्ड सुनेच्या किंवा लेकीच्या हातात देतात आणि पाच मिनिटांत जे सांगायचं ते तिलाच सांगतात. ती बिचारी टाक्यांच्या दुखण्यात असते. घरी बाळाचं सगळं करणारी बाई मात्र बाहेर बाकड्यावर बसलेली असते.

तिच्या ‘तुम्हाला काही झालं का’ या प्रश्नाला उत्तर देऊ नकोस. उत्तर आहे, पण ते तिच्या तोंडावर बोलण्यासारखं नाही. तुम्ही तिघं धडधाकट आहात, म्हणून हा प्रश्न विचारता येतो. ज्यांच्या बाळांना बेंबीतून जंतुसंसर्ग झाला त्या बायका हे वाक्य कधी बोलत नाहीत. तेल-हळद लावलेल्या बहुतेक बाळांना काहीच होत नाही, हे खरं आहे. पण ज्याला होतं त्याचं फार झपाट्याने बिघडतं. नाळेतली ती शिरा आत यकृताकडे जाते आणि जन्मानंतरचे काही दिवस ती वाट पुरती बुजलेली नसते. मोठ्या माणसाच्या बोटाला पू झाला तर तो बहुतेक वेळा बोटातच राहतो. इथून जंतूंना थेट रक्तात उतरायला वेळ लागत नाही.

त्यामुळे एका गोष्टीवर मी ठाम आहे, तुला थोडं कडक वाटलं तरी. मधला मार्ग काढू नकोस. ‘आईचं मन राखायला थोडीशी हळद, फक्त रात्री’ असं काही करू नकोस. बाकी हजार ठिकाणी आईचं मन राख. डिंकाचे लाडू खा, अळीव खा, कानाला स्कार्फ बांध, तिने सांगितलेल्या वेळी झोप. बेंबीवर तडजोड नको. आई दोन दिवस रुसली तर रुसू दे. आया लेकींवर रुसतात आणि चहाच्या वेळेपर्यंत परत बोलायला लागतात.

पण नुसतं ‘नको’ म्हणून तिचा हात रिकामा ठेवू नकोस, दुसरं काम दे. आणि हे काम खोटं नाही, गरजेचं आहे. नाळेला काही लावायचं नसलं तरी तिच्याकडे रोज बघावं लागतं. रोज सकाळी, उजेडात, एकाच माणसाने बघितलं तर कालच्यापेक्षा आज काय बदललं ते कळतं. हे काम आईला दे. तिला म्हण, ‘आई, मला अजून काही समजत नाही, तू रोज सकाळी बेंबी बघून मला सांग. हात धुऊन बघ, लावू मात्र काही नको, डॉक्टर परत बघणार आहेत.’ पुढच्या तपासणीला तिला सोबत आत ने. बाहेर बसवू नकोस. डॉक्टरांना तिच्यासमोरच विचार की नाळेला काय लावायचं. एवढ्या एका गोष्टीने मी कितीतरी घरांतली भांडणं मिटलेली पाहिली आहेत. नवऱ्यालाही सांग, रात्रीच्या ट्यूबलाइटमध्ये फोनवर बेंबी बघून काही कळत नाही. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर लाली तशीही लवकर ओळखू येत नाही. त्याला मदत करायचीच असेल तर शनिवार-रविवारी यावं, बाळाचे कपडे धुवावेत आणि तुला चार तास सलग झोपू द्यावं.

मावशींशी बोलणं कदाचित आईपेक्षा सोपं जाईल, फक्त त्यांच्या मजुरीला धक्का लागणार नाही हे आधी सांग. बऱ्याचदा ‘न्हाऊ घालू नका’ म्हटलं की त्यांना वाटतं, आपलं काम गेलं. नाळ पडेपर्यंत बाळाला कोमट पाण्यात बुडवलेल्या मऊ कपड्याने पुसून काढायचं. पैसे तेच, वेळ तोच, आणि तुला त्यांनी नेहमीसारखं न्हाऊ घालावं. हातापायांना, पाठीला तेल लावायला हरकत नाही, पोटाकडे हात नको. वेखंड, टाल्कम, कुठलीच पूड बेंबीवर किंवा बेंबीच्या आसपास नको. ती नाकातोंडात जाते ते वेगळंच. चुकून नाळ भिजली तर आकाशपाताळ एक करायची गरज नाही. स्वच्छ सुती कपड्याने टिपून कोरडी करायची, चोळायची नाही.

रोजचं काम म्हणजे खरं तर एवढंच. बाळाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवायचे, ज्याने त्याने, आल्या-गेल्या पाहुण्यांनीही. लंगोट बेंबीच्या खाली बांधायचा. डायपर वापरत असशील तर त्याची पुढची कड बाहेरच्या बाजूने खाली दुमडायची, म्हणजे नाळ उघडी राहते आणि शू तिथवर पोचत नाही. नाळेला शी-शू लागली तर उकळून कोमट केलेल्या पाण्याने कपडा किंवा कापूस भिजवून पुसायची आणि लगेच कोरडी टिपायची. वरून पट्टी नको, पोटपट्टा नको, कापसाची गादी नको. झबलं सुती आणि सैल घालायचं. प्लास्टिकचा चिमटा अजून नाळेला असेल तर तो नाळेबरोबरच पडेल. तो अडकून ओढला जात नाही ना, एवढं बघ. आणि नाळ दोऱ्यावर लोंबकळत असली तरी ती ओढायची नाही. हा मोह घरातल्या सगळ्यात शहाण्या माणसालाच होतो.

आता धोक्याच्या खुणा. या आईला वाचून दाखव. बेंबीभोवतीची कातडी लाल होऊन ती लाली पोटावर पसरायला लागली; सावळ्या बाळात लाली दिसली नाही तरी ती जागा गरम, टणक, चकचकीत लागली; दाबल्यासारखं झालं की बाळ कळवळून रडतं; पांढरट-पिवळा दाट पू पुसला तरी परत येतो; दुपटं उघडलं की दुरूनच भपकारा येतो. यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टर, सकाळपर्यंत थांबायचं नाही. आणि बेंबी ठीक दिसत असली तरी बाळ दूध ओढेना, नेहमीपेक्षा फार सुस्त किंवा निपचित वाटलं, श्वास जोरजोरात चालला, छाती आत ओढली जाऊ लागली, झटके आले, तर तेही तसंच तातडीचं. काखेत धरलेल्या थर्मामीटरवर 99.5 फॅरनहाइट किंवा त्याच्या वर ताप नवजात बाळात साधा समजायचा नाही. अंग गार पडलं, 97.7 च्या खाली गेलं, तर बाळाला तुझ्या उघड्या छातीशी घे, वरून पांघरूण घे, थोड्या वेळाने परत मोज. वर येत नसेल तर निघा. पॅरासिटामॉल घालून सकाळची वाट बघू नका. 108 ची रुग्णवाहिका आहे, आजारी नवजात बाळाचे उपचार सरकारी रुग्णालयात मोफत आहेत, आणि बहुतेक जिल्हा रुग्णालयांत त्यासाठी वेगळा नवजात शिशू कक्ष असतो.

रक्ताचा ठिपका चालतो, असं वर म्हटलं. पण थेंब थेंब येतच राहिलं, स्वच्छ कपड्याने पाच-दहा मिनिटं हलक्या हाताने दाबूनही थांबलं नाही, तर तेही तातडीचं. जन्मल्यावर बाळाला व्हिटॅमिन के चं, म्हणजे रक्त गोठायला मदत करणारं, इंजेक्शन दिलंय का, हे कार्डावर बघून ठेव. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.

तुझ्या पत्रात आशाताईंचा उल्लेख नाही, आणि माहेरी आलेल्या बाळंतिणींच्या बाबतीत हे नेहमी होतं. नोंद सासरच्या गावची, बाळ माहेरी. मग सासरच्या आशाताई घरी जाऊन कुलूप बघून येतात आणि माहेरच्या आशाताईंना कळलेलंच नसतं. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला त्यांनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन बघायचं असतं. घरी जन्मलेल्या बाळाला पहिल्या दिवशीही. ही पद्धत आपल्याच मातीतली आहे, हे फार जणांना ठाऊक नसतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं, त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले, आणि 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. पुढे देशभरातल्या आशाताईंच्या घरभेटी त्यातूनच आल्या. बेंबी, वजन, ताप, दूध पिणं, सगळं त्या बघतात. आईला सांग, आजच निरोप पाठव. आपल्याच गावातली ओळखीची बाई सांगते, तेव्हा आईला ते डॉक्टरांपेक्षाही लवकर पटेल, असा माझा अंदाज आहे.

‘नाळ अजून का पडली नाही, माझं काही चुकलं का?’ नाही, तुझं काही चुकलेलं नाही. बहुतेक बाळांची नाळ पाच ते पंधरा दिवसांत पडते, काहींची तीन आठवडे घेते. सिझेरियनच्या बाळांत थोडा जास्त वेळ लागलेला दिसतो, आणि तेलाने ती ओलसर राहिली असेल तर त्यानेही उशीर झाला असेल. लवकर पडलेली नाळ चांगली आणि उशिरा पडलेली वाईट, असं काही नाही. तीन आठवडे झाले तर डॉक्टरांना दाखव. चार आठवड्यांनीही तशीच असेल तर दाखवायलाच हवं, कारण क्वचित पांढऱ्या पेशींचा जन्मजात दोष किंवा बेंबीच्या आतली एखादी न मिटलेली नळी हे कारण निघतं. फार क्वचित, पण तपासून घ्यायचं.

नाळ पडल्यावर चार-पाच दिवस जागा थोडी ओलसर राहते. त्यानंतरही पाझरत राहिली, किंवा खळीत लालसर-गुलाबी मऊ दाणा दिसला, तर डॉक्टर त्यावर औषध लावून तो सुकवतात. त्यात बाळाला दुखत नाही. बेंबीतून सतत पाण्यासारखं येत असेल तर मात्र वाट बघू नका. आणि पुढे कधी बाळ रडताना बेंबी फुगायला लागली, तर त्यावर नाणं ठेवून पट्टा बांधायचा उपाय कुणीतरी नक्की सुचवेल. बांधू नका. अशी बेंबी बहुतेक मुलांत चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप आत जाते. नाण्याने ती लवकर जात नाही, खालची कातडी मात्र सोलवटते.

बारशाचं काय? नाळ पडलेली नसली तरी खुशाल करा. नाळेचा आणि नाव ठेवण्याचा एकमेकांत काही अडसर नाही. फक्त दोन-तीन गोष्टी सांभाळा. काळा करगोटा त्या दिवशी बांधायची रीत असेल तर तो नाळेवर घासला जाणार नाही इतका खाली आणि सैल बांधा, किंवा नाळ पडल्यावर बांधा. जरीचं, टोचणारं झबलं फोटोपुरतं घालून लगेच उतरवा. गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत बाळ पाळण्याखालून-वरून हातोहात फिरतं, तेव्हा ते हात धुतलेले असावेत, आणि सर्दी-खोकला असलेल्या काकूने दुरूनच नाव ऐकावं. हे सांगायला आईला उभी कर. अशा वेळी आयांचा दरारा कामाला येतो.

सासूबाईंना नाळ द्यायला माझी काहीच हरकत नाही. कुणी ती पुरतं, कुणी चांदीच्या डबीत ठेवतं. पडली की कागदावर सावलीत दोन दिवस सुकू दे, मग स्वच्छ कागदात गुंडाळून डबीत घालून दे. बाळाच्या अंथरुणात किंवा गळ्यात मात्र बांधू नका. पण तारखेसाठी नाळेला घाई करू नये, एवढं त्यांना आधीच कळव. फोनवर तूच बोल, ‘आई, तुमची डबी तयार ठेवा, बाराव्याला नाही पडली तर पडेल तेव्हा यांच्या हाती पाठवते.’ नकार दिला नाही आणि तारीखही दिली नाही, म्हणजे बाराव्या दिवशी सकाळी बेंबी बघून कुणाचा हात शिवशिवणार नाही.

तुझी,
ताई